भुलोजीची बदली

शंकर नगरात टाइल्सच्या शोरूमच्या वरच्या मजल्यावर एक रेकॉर्ड कंपनी आहे. तिथं गाण्यापेक्षा गाण्याबद्दलचं बोलणंच जास्त चालतं, हे गोदावरीबाई काळबांडे यांच्या पहिल्या पाच मिनिटांत ध्यानात आलं. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्या गुडघे धरून जमिनीवरच्या गादीवर बसल्या होत्या, कारण ऑफिसात खुर्च्याच नव्हत्या. खुर्च्या म्हणे आपल्या मातीतल्या नाहीत.

कंपनीचं नाव ‘मूळस्वर’. मालक राजस, ब्राह्मणपाऱ्यातल्या जुन्या मराठी घरातला, भोसल्यांच्या काळापासून इथं रुजलेल्या खानदानातला. पोरगा पुण्यात शिकला, दोन वर्षं बेल्जियमला राहिला आणि परत आला तो जगाचं संगीत वाचवायचं मनावर घेऊनच. आता जगाचं म्हणजे कोणाचं, तर आपलं. तिकडच्या लोकांचं असतं ते नुसतं संगीत, आणि आपलं असतं ते जगाचं. ते गोळा करायचं, बेल्जियममध्ये त्याच्या काळ्या तबकड्या काढायच्या आणि ज्यांच्या घरी तबकडी वाजवायचं यंत्र आहे अशा गोऱ्या शौकिनांना विकायच्या, हा धंदा. अख्ख्या रायपुरात ते यंत्र एकट्या राजसकडे होतं.

भिंतीवर कंपनीचे चार नियम लावले होते. एक, जे गायलं जाईल ते एका दमात मुद्रित होईल. दोन, त्यात मागाहून कापाकापी होणार नाही, मग कुत्रं भुंको की कुकर शिट्टी देवो. तीन, विधी सुरू झाला की तो संपेपर्यंत थांबवायचा नाही. चार, गाणाऱ्याचं किंवा रचणाऱ्याचं नाव छापायचं नाही, कारण लोकसंगीत कोणा एकाचं नसतं. ह्या चार नियमांखाली राजसचं नाव, राजसचा फोटो आणि राजसला मिळालेले तीन पुरस्कार टांगले होते.

“काकू, तुमच्या मंडळाची भुलाबाईची गाणी मला पाहिजेत,” राजस म्हणाला. “पुढच्या आठवड्यात माझा पार्टनर येतोय, योरिस. तेव्हाच करून टाकू.”

“एप्रिलात? अरे बाप्पा! भुलाबाई भादव्याच्या पुनवेले बसते न् कोजागिरीले उठते. भर उन्हात तिले काहून बसवून राहिला?”

“काकू, ती कधी बसते ते बेल्जियममध्ये कोणाला माहीत आहे?”

खरं तर गोदावरीबाईंनी इथंच चप्पल घालायला हवी होती. पण त्यांच्या मनात एक गोष्ट होती, आणि तिच्यासाठी तर त्या बुढापाऱ्यातल्या घरून आल्या होत्या. रूपालीच्या स्कूटरवर मागं बसून, डोक्यावर पदर घेऊन. ती गोष्ट म्हणजे लता.

लता उमरेडकर ही रूपालीची आई. एकोणीस वर्षं रेल्वे कॉलनीत गोदावरीबाईंच्या भिंतीला भिंत लावून राहिली, आणि तीन वर्षांपूर्वी गेली. भुलाबाईची बारा गाणी तिनं स्वतः रचली, चाली स्वतः लावल्या. त्यातलं पहिलं ‘भुलोजीची बदली’. गार्डाच्या बायकोला दुसरं काय सुचणार? बदलीचा कागद येतो, भुलोजी म्हणतो चल, आणि भुलाबाई बसते भांडी बांधायला.

*भुलोजीची बदली झाली डोंगरगडले गं,*
*पाटा गेला गाडीत, वरवंटा राह्यला घरले गं!*

हे गाणं कॉलनीतल्या बायकांबरोबर बदलीवर गेलं. गोंदियाला गेलं, दुर्गला गेलं, नागपुरात पोचलं. आणि गेल्या कोजागिरीला मंडळाच्या स्टेजवर निवेदिका माइक धरून म्हणाली, “शेकडो वर्षांपासून चालत आलेलं हे गीत!” शेजारी बसलेल्या रूपालीनं निरागसपणे विचारलं, “मौसी, कितना पुराना होगा ये?” पोटची पोरगी! तिलाच माहीत नाही! त्या रात्री गोदावरीबाईंना घास गेला नाही.

“गाऊ आम्ही,” त्या राजसला म्हणाल्या. “पण ‘भुलोजीची बदली’ लता उमरेडकरनं रचलं, तबकडीवर तिचं नाव आलं पाह्यजे. माझं नको. तिचं.”

राजसनं चौथ्या नियमाकडे पाहिलं. “पाहतो काकू.”

गोदावरीबाईंच्या नवऱ्यानं चौतीस वर्षं रेल्वेची सरकारी नोकरी केली होती. ‘पाहतो’ म्हणजे काय ते त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी मग भुलाबाईच्या खाऊची रीत सांगितली. यजमानानं झाकल्या डब्यात खाऊ आणायचा. बायकांनी डबा हलवून, वास घेऊन तो ओळखायचा. चुकलं की एक गाणं वाढतं. अगदीच हरलं तर यजमानाला तीन प्रश्न विचारायचे, आणि त्यानं खरीच उत्तरं द्यायची. खाऊ ओळखल्याशिवाय भुलाबाई उठत नाही.

“वा! हे सगळं रेकॉर्डमध्ये येऊ द्या,” राजस आनंदानं ओरडला. “काकू, यजमान मीच!”

“हव, तूच,” गोदावरीबाई म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी दुपारी दोन वाजता गोदावरीबाईंच्या हॉलमध्ये मांडामांड झाली. योरिस हा सहा फूट उंच, पायजमा घातलेला, आणि भेटेल त्याच्या पाया पडणारा गृहस्थ होता. त्यानं आधी कूलर बंद करायला लावला, कारण कूलर मूळ नव्हता. मग त्यानं गाऊनवर ओढणी घेऊन आलेल्या, मंडळातल्या इंदूकडे पाहून तोंड बारीक केलं. राजसनं इंदूला साडी नेसून यायला सांगितलं.

“आवाजाची तबकडी आहे ना तुमची?” इंदूनं विचारलं. “तिच्यात गाऊन दिसते काय?”

“साडीनं आवाजात फरक पडतो काकू.”

इंदू चरफडत गेली आणि कोशाची रेशमी साडी नेसून आली. घाम पुशीत मंडळाच्या पाचही जणी बसल्या. योरिसची फ्लाइट संध्याकाळची होती, साडेतीनला निघालं तरच विमानतळ गाठता येणार होतं. पण तासाभरात सगळं आटपेल, असं राजसनं त्याला सांगितलं होतं. लाल दिवा लागला आणि टिपऱ्या वाजू लागल्या.

पाच गाणी झकास झाली. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, तेव्हा योरिसनं डोळे मिटून छातीवर हात ठेवला. मग राजसनं डबा पुढं केला.

आता राजससारख्या माणसानं खाऊ काय आणावा? चकली आणावी, करंजी आणावी, गेला बाजार शेव आणावी. पण नाही! शेव मूळ नाही. त्यानं कुठल्याशा आदिवासी वस्तुभांडारातून मोहाच्या फुलांचे लाडू आणले होते, केळीच्या पानात गुंडाळून. डबा हलवला तरी आत काही वाजेना.

“ठेठरी?” मंडळातल्याच मंजिरीनं विचारलं. नाही. एक गाणं वाढलं. “खुरमी?” नाही. अजून एक. “सांजोरी? अनारसा? खोबऱ्याची वडी?” नाही, नाही, नाही. डबा फिरत फिरत गोदावरीबाईंकडे आला. त्यांनी झाकणाशी नाक नेलं आणि त्यांना क्षणात कळलं. डोंगरगडला पाच वर्षं काढलेल्या बाईला मोहाचा वास कळणार नाही होय? पण त्यांनी चेहरा अगदी भोळा केला.

“साबुदाण्याचा चिवडा?” त्या म्हणाल्या.

“नाही काकू,” राजस घाम पुसत म्हणाला.

अकरा गाणी झाली, बारा झाली. एका तबकडीत काय मावणार, आता दोन लागणार होत्या. योरिस आधी खूश झाला, मग घड्याळ पाहू लागला. तीन वाजून दहा, तीन वाजून वीस. चौदावं गाणं ‘भुलोजीची बदली’, ते बायकांनी अंगात आल्यागत म्हटलं. योरिसनं राजसला मनगट दाखवलं. राजसनं हात जोडून बायकांना खूण केली. पण दिवा लाल होता, आणि तिसरा नियम त्यानं स्वतः भिंतीवर लावला होता.

“हरलो बा आम्ही,” गोदावरीबाई माइकच्या तोंडाशी सरकत म्हणाल्या. “आता तीन प्रश्न. पहिला. हे आत्ता म्हटलं ते गाणं कोणी रचलं?”

राजस दचकला. हे प्रश्न खाऊबद्दल असतात, असं तो धरून चालला होता. “काकू... लोकांनी.”

“खोटं बोलला तर अजून पाच गाणी. मोठी मोठी.”

योरिस दाराशी जाऊन बॅग उचलून उभा राहिला. राजसच्या कपाळावरची शीर तटतटली. “लता उमरेडकर यांनी,” तो म्हणाला.

“कधी?”

“मला काय माहीत?”

“एकोणीसशे चौऱ्याऐंशी. म्हण.”

“एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली.”

“कुठं?”

“रायपुरात! रेल्वे कॉलनीत!” राजस जवळजवळ रडायलाच आला होता.

“मोहाचे लाडू,” गोदावरीबाई म्हणाल्या.

पाची जणी खदाखदा हसल्या. योरिसला मराठीचा म सुद्धा कळत नव्हता, तरी त्यानं घाईघाईनं सगळ्यांच्या पाया पडून घेतलं आणि पळाला. गोदावरीबाईंना त्या दिवशी आवाज बसेपर्यंत आनंद झाला. कापाकापी नाही म्हणजे नाही. छापलं नाही तरी लताचं नाव आता तबकडीच्या पोटात गेलं होतं, आणि ते काढायची कोणाची टाप नव्हती.

पोळ्याच्या सुमारास पार्सल आलं. तबकड्या दोन. मुखपृष्ठावर बोजा वाहून नेणारा उंट. रायपुरात उंट! आत चार पानं इंग्रजी मजकूर होता आणि नाव फक्त राजसचं आणि योरिसचं. रूपालीनं फोनवर तिकडच्या कुठल्याशा मासिकातलं परीक्षण काढलं. ती बँकेत अधिकारी आहे. मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच देते.

“मौसी, लिखा है सत्रहवीं सदी का गाना है. बंजारा औरतों का.”

“अवं, बंजारा कुठून आल्या? रेल्वेच्या पासवर जाऊन राह्यलो होतो आम्ही. पुढं वाच.”

“‘अंत में पुजारी काँपती आवाज़ में लता का आवाहन करता है. लता, यानी रास्तों की देवी. उन्नीस सौ चौरासी शायद कोई बीजमंत्र है.’” रूपाली थांबली. “मौसी, मम्मी को देवी बना दिया इन लोगों ने.”

गोदावरीबाई आधी हसल्या. पोट धरधरून हसल्या. आणि हसता हसताच त्यांना एकदम रडू फुटलं. जिवंतपणी जिला कोणी कवी म्हटलं नाही तिला ह्यांनी देवी केलं, पण नाव छापायचं म्हटलं की ह्यांचे हात दुखतात. मेल्यांनो! त्यांनी डोळे पुसले, लतानं त्यांच्यापाशी ठेवलेली गाण्यांची वही पिशवीत घातली आणि रूपालीला म्हणाल्या, “काढ गाडी.”

शंकर नगरात राजस हवेत होता. पहिल्या साऱ्या तबकड्या खपल्या होत्या आणि नव्या तीनशे प्रती खोक्यांतून येऊन पडल्या होत्या. “काकू, कमाल झाली! लोक त्या देवीबद्दल विचारून राहिले. तिची अजून गाणी आहेत का हो?”

“आहेत ना. अकरा.” त्यांनी वही काढून दाखवली आणि परत पिशवीत ठेवली. “मार्कर आण.”

“कशाला?”

“ह्या तीनशेवर लिहायचं. गीत आणि चाल, लता उमरेडकर, रायपूर, एकोणीसशे चौऱ्याऐंशी.”

“काकू, नियम आहे आमचा.”

“नियमात छापायचं नाही असं हाय. हातानं लिहायचं नाही असं कुठं हाय? दाखव मले.”

राजसनं भिंतीकडे पाहिलं, मग पिशवीकडे. “पण काकू, लोकांनी देवी समजून घेतली ती. गार्डाची बायको निघाली म्हटल्यावर ते काय म्हणतील?”

“देवी म्हणून लगेच ओळखलं तिले,” गोदावरीबाईंचा आवाज चढला. “बाई म्हणून ओळखायले तुमचं काय जाते?”

राजस गादीवर बसला आणि लिहू लागला. उंटाच्या पोटाखाली, एकेक. चाळीस झाल्यावर त्याचं बोट दुखायला लागलं, साठाव्यावर त्यानं चहा मागितला. रूपालीनं त्याला चहा दिला आणि एकाही अक्षरावर सूट दिली नाही. तीनशे होईपर्यंत तीन मार्कर संपले.

त्यातली एक तबकडी घेऊन दोघी रूपालीच्या घरी गेल्या. यशवंतराव खिडकीशी बसले होते. लताचे यजमान, रिटायर गार्ड, वय ब्याऐंशी. गोदावरीबाईंनी तबकडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, उंट पाहिला, मग उंटाखालचं वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं. बोट त्या अक्षरांवरून फिरवलं.

“ही आपली लता?”

“हव, भाऊजी.”

“गाणं रचलं तिनं?” त्यांनी तबकडी मांडीवर ठेवली. “एवढी वर्षं एका घरात राह्यलो आम्ही. मले काहून नाही सांगितलं तिनं?”

गोदावरीबाईंना क्षणभर वाटलं, जाऊ द्यावं. म्हातारा माणूस आहे. पण चौऱ्याऐंशीतल्या त्या दिवशी त्या स्वतः तिथंच होत्या, लताच्या ओट्यावर, आणि त्यांना जाऊ देता येईना.

“सांगितलं होतं तिनं, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “तुम्ही म्हटलं, बातम्या संपू दे.”