पूर्ण एक मिनिट

बायडाबाईंना बायडाबाई म्हणणारं माणूस कोल्हापुरात एकही उरलं नव्हतं. नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षीच गेला, मूलबाळ नाही. कोडोलीचा भाऊ होता तोही गेला, आणि भावजयीनं तोंडदेखलंसुद्धा कधी बोलावलं नाही. सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं त्या सगळ्यांच्या 'सिस्टर' होत्या. सत्त्याण्णव साली शाल-नारळ घेऊन मंगळवार पेठेतल्या खोलीत येऊन बसल्या, तेव्हा ध्यानात आलं की आता सिस्टर म्हणणारंही कुणी नाही. दूधवाला तेवढा 'ओ मावशी' म्हणायचा, तेही पिशवी दारात टाकून पाठ फिरवल्यावर.

अशा बाईला दीड वर्षानं औषधपाणी बघायच्या कामावर रोज जायला एक घर मिळालं. सकाळी सातला कुणीतरी आपली वाट बघतंय, हे सुख ज्याच्या घरात माणसं मावत नाहीत त्याला नाही कळायचं.

घर लक्ष्मीपुरीत होतं, बसव्वांचं. नवऱ्याची गुळाची अडत होती. तो वारल्यावर दुकान दुसऱ्याला दिलं, आणि मुलगा वीरेश बेंगळुरूला एका कंपनीत लागला. वरच्या मजल्यावर बहात्तर वर्षांच्या बसव्वा एकट्याच राहायच्या. त्यांचं हृदय ताल सोडून चालायचं. अंगातलं पाणी उतरवायची गोळी सकाळी, कोलेस्टेरॉलची रात्री जेवणानंतर, आणि हृदयाचा वेग आवरणारी डिगॉक्सिन पुन्हा सकाळी. यातली शेवटची भारी मानी गोळी. जरा जास्त झाली की बाधते आणि कमी झाली की काही करत नाही. देण्याआधी ठोके मोजायचे, साठाच्या खाली असले तर गोळी द्यायची नाही आणि कळवायचं, असं बसव्वांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

"आणि सिस्टर, यांच्या मनगटावर विसंबू नका," ते म्हणाले होते. "काही ठोके तिथवर पोचतच नाहीत. छातीवर नळी ठेवायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं."

हे बायडाबाईंना सांगायची काही गरज नव्हती. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणाऱ्या कितीतरी पोरींना त्यांनी वॉर्डात सगळ्यांदेखत झाडलं होतं.

पण पहिल्याच दिवशी बसव्वांनी पदर आवळून घेतला.

"सिस्टर, येक सांगून ठेवते. हात धरा, पाय धरा, सुई टोचा. छातीला नळी लावायची न्हाय. हितं लिंग हाय."

गळ्यातल्या दोऱ्यात चांदीची डबी होती आणि डबीत लिंगायतांचं इष्टलिंग. दीक्षा झाल्यापासून ते कधी अंगावेगळं झालं नव्हतं आणि परक्याचा हात त्याला लागला नव्हता. डबी नेमकी हृदयावरच यायची.

"तुमच्या आदी दोघी आल्त्या," बसव्वा म्हणाल्या. "नळी घिऊन म्होरं सरल्या. दुसऱ्या दिशी येऊ नगा म्हणून सांगितलं त्यास्नी."

बायडाबाईंनी नळी पिशवीत ठेवली आणि मनगट धरलं. बत्तीस वर्षांची शिस्त अशी एका वाक्यात मोडली. का मोडली? दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा यायचं होतं म्हणून. त्याला दुसरं कारण नव्हतं, आणि त्या स्वतःशीसुद्धा दुसरं कारण सांगत बसल्या नाहीत.

मग रोजचं सुरू झालं. ठोके साठाच्या वर भरायचे, गोळी जायची, आणि त्याबरोबर नेमाचे प्रश्न.

"मळमळतंय का, अव्वा?"

"न्हाय."

"डोळ्याम्होरं पिवळं काय दिसतंय?"

"आमटी दिसत्या पिवळी. हळद हाय की तिच्यात!"

"मांड्या, पोटऱ्या दुखत्यात? त्या रातच्या गोळीनं दुखत्यात कुणाकुणाच्या."

"जिना चढल्यावर दुखत्यात. तुमच्या न्हाईत व्हय दुखत?"

हेच प्रश्न नोकरीत त्यांनी हजारदा विचारले होते आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आधीच पुढच्या खाटेकडं वळल्या होत्या. इथं त्या उत्तर संपेपर्यंत बसायच्या, आणि बसव्वा उत्तर संपू द्यायच्या नाहीत. पोटऱ्यांवरून गोष्ट निपाणीच्या माहेरी जायची, तिथून वीरेशच्या बारशाला, तिथून तो आता दर रविवारी फोन करतो पण तीनच मिनिटं बोलतो इथपर्यंत यायची. साडेआठ वाजायचे. खोलीवर परत गेल्यावर बायडाबाईंना दुसऱ्या दिवशीच्या सातपर्यंत काहीही काम नसायचं.

जानेवारीत एका सकाळी मनगटावर छप्पन्न भरले. ठोका एखादा दमदार, एखादा बारीक, आणि मधेच एखादा गायब. बायडाबाईंनी पुन्हा मोजलं, पुन्हा छप्पन्न. त्यांनी बसव्वांच्याच घरून डॉक्टरांना फोन लावला.

"थांबवा गोळी," डॉक्टर म्हणाले. "छातीवरच मोजलेत ना?"

समोर बसव्वा पलंगावर बसून बघत होत्या.

"होय," बायडाबाई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर बसव्वा खुशीत आल्या. "बरं सांगितलंसा! डागदरला काय करायच्यात नसत्या चौकश्या?" आणि त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच दोन ताटल्या मांडल्या. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दह्याची वाटी. निवृत्त झाल्यापासून बायडाबाई कुणाबरोबर बसून जेवल्या नव्हत्या. खोटं बोलल्याची लाज वाटत होती, पण त्या दोन घास जास्तच जेवल्या, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी चोपन्न, तिसऱ्या दिवशी अठ्ठावन्न, चौथ्या दिवशी पुन्हा छप्पन्न. गोळी बंदच राहिली. चौथ्या दिवशी बसव्वांच्या घोट्याजवळ दाबलं तर बोटाचा खळगा तसाच राहिला. पाचव्या दिवशी बायडाबाई जिना चढून वर आल्या तर बसव्वा दोन उशांना टेकून बसलेल्या, ओठ निळसर, आणि एक वाक्य दोन तुकड्यांत बोलत होत्या.

काय झालंय ते बायडाबाईंना कळायला मिनिटसुद्धा लागलं नाही. खरं तर चार दिवस ते त्यांना कळतच होतं. आत हृदय पळत सुटलं होतं, मनगटापर्यंत निम्मेच ठोके येत होते, आणि ते निम्मे मोजून त्यांनी वेग आवरणारी गोळीच काढून घेतली होती.

"अव्वा, मी चुकले," त्या पलंगाशी खाली बसून म्हणाल्या. "हाताचे ठोके खोटे हायत. मला ठावं हुतं. आत ऐकू द्या मला."

"ठावं हुतं... तर बोलली... का न्हाईस?"

"तुमी येऊ नगं म्हणाला असता. मला दुसरं घर न्हाय, अव्वा."

बसव्वांनी दोऱ्यासकट डबी डाव्या तळहातात घेतली, मूठ मिटून गळ्याशी धरली आणि उजव्या हातानं पदर बाजूला केला.

"ऐक," त्या म्हणाल्या.

एकशे चौदा भरले. बायडाबाईंनी डॉक्टरांना फोन करून तेवढाच आकडा सांगितला, मग खालच्या दुकानातल्या दोन माणसांना हाक मारली, खुर्चीत बसवून बसव्वांना खाली उतरवलं आणि रिक्षानं त्याच डॉक्टरांच्या खासगी दवाखान्यात नेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बसव्वांचा दम बसला होता. वीरेश बेंगळुरूहून आला होता आणि आईच्या पायाशी अवघडून उभा होता. बायडाबाई दाराशी होत्या. डॉक्टर कागद बघत म्हणाले, "सिस्टरांनी वेळेवर आणलं म्हणून निभावलं. पण ही डिगॉक्सिन यांना सोसत नाही. गोळी चालू असताना छातीवर छप्पन्न म्हणजे फारच कमी. आता सुईतून थोडी दिली, पण पुढं ही कायमची बंद करून दुसरं काही बघू."

त्यांनी पेन उघडलं. बायडाबाई पुढं झाल्या, तेवढ्यात बसव्वाच बोलल्या. डबी त्यांच्या मुठीत होती.

"छातीवरच मोजायच्या त्या. रोज."

लिंग हातात घेऊन ती बाई जन्मात खोटं बोलली नसेल. कुणासाठी बोलली, हे त्या खोलीत एकट्या बायडाबाईंनाच कळलं. बायडाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. गप्प राहिलं तर घर राहत होतं. सातची वेळ राहत होती, दुसरी ताटलीसुद्धा राहत होती. आणि बसव्वांना लागू पडणारी गोळी तेवढी जात होती.

"डॉक्टर, खोडू नका," त्या म्हणाल्या. "मी मनगटावर मोजत होते. पहिल्या दिवसापासून. तुम्हाला खोटं सांगितलं."

डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, सिस्टर," एवढंच म्हणाले, डिगॉक्सिन पुन्हा रोजची म्हणून लिहिली आणि निघून गेले.

वीरेशचा चेहरा लाल झाला होता. "तुमच्या भरवशावर आईला ठेवलं होतं आम्ही. उद्यापासून येऊ नका. मी तिला बेंगळुरूलाच नेतोय."

"बरोबर आहे तुमचं," बायडाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवी उचलली.

एवढ्यात वॉर्डातली तरुण सिस्टर गोळी घेऊन आली. तिनं नळी कानाला लावली तशी बसव्वांनी पदर आवळला.

"तू नगं. ती मोजंल."

"अव्वा, आता पुरे की," वीरेश म्हणाला.

"ती मोजंल. मग काय ती गोळी घीन."

तरुण सिस्टरनं डॉक्टर गेले त्या दाराकडं बघितलं आणि नळी बायडाबाईंच्या हातात दिली. बसव्वांनी डबी डाव्या मुठीत घेऊन गळ्याशी धरली. बायडाबाईंनी नळीचं तोंड तळहातावर घासून ऊन केलं, छातीवर ठेवलं आणि घड्याळ डोळ्यांपुढं धरलं. ठोके अजून वेडेवाकडेच होते, पण पळत नव्हते. मिनिट संपलं. शहात्तर.

"शहात्तर. गोळी देता येईल," त्या म्हणाल्या. तरुण सिस्टरनं आकडा लिहून घेतला आणि पाणी ओतलं.

बायडाबाईंनी नळी मात्र काढली नाही. घड्याळ धरलेला हात खाली गेला, मान झुकली, आणि त्या ऐकतच राहिल्या. वीरेशला काही समजेना. तरुण सिस्टर गोळी आणि पेला घेऊन थांबली. बसव्वा घड्याळ वाचू शकत होत्या, मिनिट कधीच झालं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मूठ गळ्याशी तशीच धरून ठेवली आणि दुसरा हात बायडाबाईंच्या डोक्यावर ठेवला.

"नाव काय गं तुजं?" त्यांनी विचारलं.