साडेसातचा भोंगा

मीनलनं तिन्ही कागद तांदळाच्या डब्याखाली दाबले, कारण कूलर सुरू केला की या खोलीत कागद म्हणून काही जागेवर राहत नसे. वरचं पत्र पुण्याचं, मधलं हैदराबादचं. दोन्हीकडे एम.एस्सी., दोन्हीकडे भूगर्भशास्त्र, आणि दोन्हीकडे तीस जूनच्या आत पैसे भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला. सगळ्यात खालचा कागद रेल्वेचा. त्यात काही भरायचं नव्हतं, उलट दरमहा मिळायचं होतं. नेमका तोच तिला डोळ्यांसमोर नको होता.

शेखरकाका उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधली पाळी संपवून थेट रायपूरच्या गुढियारीत, मीनलच्या घरी, आले होते. भुवयांवर अजून धूळ होती. त्यांनी तांब्याभर पाणी उभ्यानंच संपवलं आणि मग बसले.

"पुन्यात होस्टेल भेटून राह्यलं का?"

"पक्का नहीं है, काका. फीस भी ज़्यादा है." घरात मराठी कानावर पडे, मीनलच्या तोंडी मात्र शाळेतली हिंदीच असे.

"अन् हैदराबादले?"

"वहाँ होस्टेल है, फीस भी कम. पर लोन लेना ही पड़ेगा. बँकवाले बोले, घर में कोई पगारवाला साइन करे."

काकांनी पुण्याचं पत्र उलटसुलट करून पाहिलं. "मी केली असती वो सही. पन दोन लोन माझ्याच डोक्यावर हायेत. मॅनेजर मले पाहून खिडकीच बंद करते."

ते खोटं बोलत नव्हते. भाऊ, म्हणजे मीनलचे बाबा, गेल्यापासून या मायलेकींचं जे काही थोडंफार निभावलं, ते काकांमुळेच. त्यामुळे त्यांच्यावर रागावायचीही सोय नव्हती.

"हे पाय पोट्टी," काका म्हणाले, "नरहरीची नौकरी सहा वर्सं तुह्या नावानं राखून ठेवली आपन. बाबूची हाय, पंख्याखाली बसाची. एम.एस्सी. काय, बाहेरून होते."

नोकरीत असताना माणूस गेला, की रेल्वे घरातल्या एकाला कामावर घेते; मुलं लहान असली तर ती मोठी होईपर्यंत थांबते. गुढियारीत अशा राखून ठेवलेल्या नोकऱ्या दर दोन गल्ल्यांआड सापडतील. रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं त्याच वर्षी मीनलचे बाबा गेले. ते वॅगन दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. ती तेव्हा दहावीत होती.

सरला, मीनलची आई, दाराशी पाटावर बसून लाल भाजी निवडत होती. साडी इस्त्रीची, केस विंचरून अंबाडा घातलेला. रोज सकाळी वर्कशॉपचा साडेसातचा भोंगा व्हायच्या आत ती अशी तयार होई, आणि मग कुठेही जात नसे. बाबांच्या डब्याच्या वेळेची सवय सुटली नाही, एवढंच मीनलला त्याबद्दल वाटायचं. खरं तर तेवढंही वाटायचं नाही. रोज दिसणाऱ्या गोष्टीबद्दल कोण विचार करतं?

"आई, तू भी तो कुछ बोल."

"मी काय सांगू? तुमी ठरवा."

मीनलचं डोकंच फिरलं. दहावीनंतरचे विषय, कॉलेज, भाड्याची खोली, प्रत्येक वेळी हेच उत्तर. एकदा तरी या बाईनं जा म्हणावं, नाहीतर जाऊ नको म्हणावं! भांडायला तरी कुणी समोर हवं ना. मैत्रिणींच्या घरी चार माणसं चार तोंडांनी बोलतात, आणि आपल्या घरात कूलर बोलतो. त्या क्षणी तिला इतकं एकटं वाटलं की डोळे भरून आले. ते काकांना दिसू नयेत म्हणून ती डब्यातले तांदूळ मोजायला लागली, जेवणारी माणसं दोनच असताना.

"ठीक है," ती डब्यात बघतच म्हणाली. "कल ऑफिस जाके साइन कर देती हूँ."

"शहानी पोट्टी," काका म्हणाले, आणि उठून गेले. सरलानं निवडलेली भाजी पुन्हा एकदा निवडली.

दुसऱ्या दिवशी दोघी रेल्वेच्या ऑफिसात गेल्या. पूर्वी अशा कामासाठी बिलासपूर गाठावं लागे. आता रायपूरचं डिव्हिजन वेगळं झालं होतं. अनुकंपेच्या फायली वेल्फेअर इन्स्पेक्टर भैय्यालाल साहू यांच्याकडे होत्या. माणूस गोलमटोल, शर्टाच्या खिशात तीन पेनं, आणि बोलताना दर वाक्याला 'हव', म्हणजे हो. त्यांनी नरहरी वानखेड्यांची फाईल काढून फुंकर मारली.

"हव, तो बिटिया का नाम पक्का? फारम भर दूँ?"

"जी."

साहूंनी एकेक कागद उलटत बोटावर मोजायला सुरुवात केली. मृत्यूचा दाखला, पेन्शनचे कागद, मीनलच्या मार्कशीट. शेवटच्या कागदाशी ते थांबले.

"ये एक है, बेटी. छह साल से लगा है. मराठी में लिखा है, आधा समझ आता है, आधा नहीं. फाइल ऊपर जाने से पहले हर कागज़ का मतलब लिखना पड़ता है. ज़रा पढ़ के बता दो."

वहीचं रेघांचं पान होतं ते. अक्षर आईचं, शाळेतल्यासारखं गोल. मीनलला मराठी समजायची सगळी, वाचायची मात्र कधी वेळ येत नसे. ती अडखळत मोठ्यानं वाचायला लागली.

"मा. साहेब यांस. माझे पती नरहरी वानखेडे आपल्या वर्कशॉपात फिटर होते. ते गेले. मी, सरला, पुलगावच्या शाळेतून दहावी पास आहे. नोकरी मुलीसाठी ठेवावी असे घरचे म्हणतात, परंतु ती शिकते आहे, आणि पुढेही शिकेल. ती शाळेत गेली की दिवसभर मी घरात एकटी असते. बोलायला कोणी नाही. मला काम द्यावे. झाडण्याचे असले तरी चालेल. मी..."

पुढची ओळ तिनं आधी मनातल्या मनात वाचली. साहूंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. तो तिनं घेतला नाही.

"मी उशीर करणार नाही. साडेसातचा भोंगा मला घरून ऐकू येतो."

खाली सही होती आणि तारीख. बाबांना जाऊन वीस दिवस झाले होते तेव्हा.

मीनलनं आईकडे पाहिलं. आई भिंतीवरचं गाड्यांचं वेळापत्रक वाचत होती, जसं काही तिला आत्ताच कुठली तरी गाडी पकडायची होती.

"फिर हिंदी वाला किसने लिखा?" साहूंनी विचारलं. त्या पानामागे टाचलेला दुसरा अर्ज त्यांनी दाखवला. अक्षर शेखरकाकांचं, नोकरी मुलगी सज्ञान होईपर्यंत राखून ठेवावी अशी विनंती, आणि खाली आईची सही.

"माझा तवा कोनी वाचला नाई, नुसता ठेवून घेतला," सरला म्हणाली. "मराठी नाई चालत म्हने. भाऊजी बोलले, आना, मी हिंदीत लिहून देतो. लिहून आनला तं हे लिहिलं होतं. वयनीनं वर्कशॉपात झाडू मारला तं लोक काय म्हनतील, अन् पोट्टी शिकली तं बाबू होईन, म्हने. त्यायचं बी काही चुकलं नव्हतं."

"तूने पढ़ा था?"

"पढला ना."

"फिर साइन काहे को किया, आई?"

सरलानं पदर सारखा केला.

मीनलनं स्वतःच्या नावाचा फॉर्म साहूंच्या टेबलावरून उचलला, त्याची मधोमध घडी घातली आणि पर्समध्ये टाकला. "अंकल, इनके नाम से हो सकता है क्या?"

"विधवा का तो पहला हक है," साहू म्हणाले. "हव, मंजूरी फिर से लेनी पड़ेगी. पर बेटी, सोच लो. तुमको बाबू की मिलती. इनको हेल्पर की मिलेगी, वर्कशॉप में. खड़े-खड़े का काम है."

"मले चालते," सरला म्हणाली. इतक्या झटकन, की तिची तीच दचकली.

परतीच्या रिक्षात आई पिशवी मांडीवर घेऊन बसली. मग रिक्षावाल्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलली.

"तुह्यासाठी करून राह्यली असं नको समजू. आयुष्यभर माईच्या उपकाराचं ओझं घेऊन फिरशील. मले सोताले पाहिजे होतं ते. सहा वर्सं तयार होऊन बसली मी."

मीनलनं आईच्या मांडीवरची पिशवी आपल्या मांडीवर घेतली.

साहूंनी फाईल स्वतः हातात धरून साहेबाच्या टेबलापर्यंत नेली. जूनच्या चोवीस तारखेला सरलाला मेडिकलचं बोलावणं आलं. पास झाली की नेमणुकीचं पत्र, आणि त्या पत्रावर लोन देतो असं बँकेनं कबूल केलं. त्या सकाळी भोंगा झाला तेव्हा आई तयार होती, नेहमीसारखी. फरक एवढाच की या वेळी तिनं चपला घातल्या.

"मैं भी आती हूँ."

"तू काहून? मेडिकल माही हाय." आणि ती गेली.

दार लोटून मीनल आत आली. तिनं भांडी घासली, गादी उन्हात टाकली, हैदराबादचं पत्र पुन्हा वाचलं. घड्याळात नऊच वाजले होते. तिनं तांदूळ निवडले. शेजारच्या पद्मिनीताई गावाला गेलेल्या. गल्लीत भाजीवाली ओरडून गेली. साडेनऊला मीनलनं रेडिओ लावला, गाण्यासाठी नाही, नुसता माणसाचा आवाज यावा म्हणून. अकराला ती स्वतःशीच मोठ्यानं बोलली आणि आपलाच आवाज ऐकून गप्प झाली. एवढं होऊनही सकाळसुद्धा संपली नव्हती. सहा वर्षांचे किती दिवस होतात याचा हिशेब तिला येत होता. तिनं तो केला नाही. भिंतीला पाठ लावून ती दाराशी आईच्या पाटावर बसली आणि पोटभर रडली.

सहा वाजता आई आली. चेहरा उन्हानं लाल, हातात केळी.

"पास झाली! डोये बी चांगले हायेत म्हने डॉक्टर. तू ठरवलं का मंग? पुनं का हैदराबाद?"

"हैदराबाद."

"बरं केलं. ऐक ना, तिथं लाइनीत एक बाई भेटली मले, मीराबाई नावाची..." सरला चपला काढता काढताच थांबली. "जाऊ दे. तुले फॉर्म भराचे असतील."

मीनलनं हैदराबादचं पत्र डब्याखाली परत ठेवलं. कूलर बंद केला, म्हणजे नीट ऐकू येईल. आणि आईजवळ येऊन बसली.

"कोन मीराबाई?" ती म्हणाली. "सांग ना, आई. पहिल्यापासून सांग."