दुभाजकातली भागोजीची फट

हायवे चौपदरी झाला आणि भागोजीच्या जमिनीच्या मधोमध दुभाजक आला. घर एका अंगाला, भाताची खाचरं दुसऱ्या अंगाला. गाडी वळवायची तर पार पोलादपूरपर्यंत जा आणि तिथून फिरून मागं या. समोर घर दिसतंय नि वळसा घालायचा? भागोजी कसला ऐकतोय! एका दुपारी पहार घेऊन त्यानं दुभाजक फोडला, मोटार जाईल एवढी फट पाडली. रस्तेवाल्यांनी ती बुजवली, यानं पुन्हा फोडली. बुजवायला आलेल्या मुकादमाच्या तर कानाखाली काढली. "बापजाद्यांची वाट हाय आमची!" म्हणाला. गावालाही तेच हवं होतं. बैल, दुचाक्या, टेम्पो, सगळं त्या फटीतून सुरू झालं.

असा हा आडदांड माणूस. बायको गेल्यावर लेकीला, प्रियदर्शिनीला, त्यानं एकट्यानं वाढवलं. ती म्हणजे त्याचा जीव की प्राण. तिला वरंधच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा त्यानं गावभर पेढे वाटले, जुनी मोटार घेतली आणि महाडच्या ड्रायव्हिंग क्लासला धाडलं.

त्या दिवशी दोघं महाडहून परत येत होती. गाडी तीच चालवत होती, पुढं-मागं लाल 'एल' चिकटवलेला. मागच्या सीटवर पहार होती, भागोजीनं लोहाराकडून टोक काढून आणलेली.

"बाबा, आजपासून मी पोलादपूरला जाऊन वळणार," ती म्हणाली. "क्लासच्या मुरारी सरांनी बजावलंय. डावी लेन सोडायची नाय. उजवी लेन ओव्हरटेकची, तिथं अचानक ब्रेक मारला की मागचा थेट अंगावर येतो."

"तुझ्या सरांचं घर हाय का हितं? घे गो उजवीकडं!"

तिनं ऐकलं नाही. आरसा बघत, डावी लेन धरून ती सरळ निघाली. फट जवळ आली तसं भागोजीचं डोकं सणकलं. पोटची पोर आणि आपल्याला रस्ता शिकवते? त्यानं तिच्या पाठीत गुद्दा घातला आणि स्टेअरिंग धरून कचकन उजवीकडं ओढलं. पोर घाबरली. पाय ब्रेकवर पडला आणि गाडी उजव्या लेनमध्ये आडवी उभी राहिली.

मागून ट्रक येत होता. भागोजीला फक्त त्याचं भलंमोठं नाक दिसलं. पण ड्रायव्हरनं ट्रक दुभाजकावर चढवला. दगड उडाले, काचा फुटल्या, ट्रकच्या मागच्या अंगानं मोटारीला असा तडाखा दिला की ती भोवरा फिरावा तशी फिरली. ट्रक पलीकडे कलंडला. प्रियदर्शिनीचा हात कोपरात उलटा वळला आणि ती गुरासारखी ओरडली.

ती किंकाळी ऐकून भागोजी पिसाळला. खाचरांतली माणसं दांडकी घेऊन धावत आली होती. रामा, भागोजीचा पुतण्या, सगळ्यांत पुढं. त्यांनी ड्रायव्हरला केबिनमधून ओढून काढला आणि लाथांनी तुडवला. त्याचे दात सांडले. भागोजीनं पहार घेतली आणि त्याच्या गुडघ्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"बाबा! त्यानं मला वाचवलं!" लोंबता हात धरून प्रियदर्शिनी मधे घुसली. "सरळ आला असता तर मेले असते मी! फट तुमी पाडलीत. गाडी तुमी ओढलीत. माझ्या पाठीत कोणी मारलं? आता मारा मला!"

भागोजीचा वर गेलेला हात तसाच राहिला. खाली तो माणूस रक्त ओकत होता, "पोरगी वाचली ना?" एवढंच विचारत होता. भागोजीनं पहार टाकून दिली. रामानं पुन्हा दांडकं उगारलं, तेव्हा भागोजी ड्रायव्हरवर आडवा पडला. घाव त्याच्या बरगडीवर बसला.

पोलिसांपुढं त्यानं सगळं कबूल केलं. ड्रायव्हरचा पाय कापावा लागला.

जामिनावर सुटल्या सुटल्या भागोजी फटीपाशी आला. मोडकी बरगडी दाबत एकेक दगड रचू लागला. तेवढ्यात रामाची दुचाकी समोर येऊन थांबली.

"काका, बाजूला व्हा. बापजाद्यांची वाट हाय आपली."

भागोजीनं दगड उचलला आणि दुचाकीचा दिवा फोडला. मग रामाची गचांडी धरून त्याला खाली पाडला.

"सोडा! त्याचा पाय मोडलात, आता माझा मोडणार काय?" रामा ओरडला.

"मोडीन," भागोजी म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पण हितून कुणाला जाऊ देणार नाय. पोलादपूरला जा नि वळून ये."

रामा शिव्या घालत निघून गेला. भागोजी पुन्हा दगड रचायला बसला.