अर्ध्या वाटेवर वाजलेली शिट्टी

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू स्वतःबद्दल बोलायला लागल्या की फार सोज्वळ होतात. मला ते जमायचं नाही. माझा स्वभाव जळका. दुसऱ्याचं बरं झालेलं दिसलं की माझ्या पोटातला मणी आपोआप खुळखुळतो.

पितळेच्या पत्र्यावर ठोके पडून माझा जन्म झाला. पहिली काही वर्षं मी मंगरूळपीरच्या एका ड्रिल मास्तरांकडे काढली. ते रिटायर झाले आणि बाहत्तरच्या दुष्काळात त्यांनी मला आपल्या जुन्या विद्यार्थ्याच्या, इंद्रभानच्या गळ्यात घातलं. इंद्रभान आसेगावचा. मानोऱ्याकडे रस्त्याचं दुष्काळी काम निघालं होतं, तिथे त्याला मुकादमी मिळाली होती. त्याच्या घराण्यानं पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांच्या हाका ऐकल्या होत्या. हाक मारणारा हाच पहिला. मी वाजले की खडी फोडणारे हातोडे उठत, पुन्हा वाजले की थांबत. ओवरसियर साहेबसुद्धा म्हणाले, "इंद्रभान, शिट्टी जोरदार आहे तुझी!" मला पाय असते तर त्या आठवड्यात ते जमिनीला लागले नसते.

अन् मग आला तो मेला रांजण!

इंद्रभाननं तो आपल्या घरून बैलगाडीत कडबा घालून आणला आणि बाभळीखाली रोवला. कामावरची बहुतेक माणसं तांड्यावरची, बंजारा. आपल्या घरच्या रांजणातलं पाणी ती पितील की नाही, ही त्याला धास्ती होती. घराण्यानं बौद्ध धम्म घेऊन सोळा वर्षं झाली होती, तरी विहिरींवर काय चालतं ते त्यानं पाहिलं होतं. म्हणून त्यानं डोकं चालवलं आणि पाणी द्यायला तांड्यावरच्याच म्हाताऱ्या सोमलाला बसवलं.

माणसं रांजणाकडे हसत हसत जायची. गार पाणी प्यायची, वर "वा, मुकादम!" म्हणायची. मित्रांनो, माझ्याकडे हसत कोणी कधी आलं नाही. बसल्या जागी लाड करून घेणारा तो मातीचा ढोल्या! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

पण एक गोष्ट माझ्या पथ्यावर पडली. तांड्यावरच्या तरण्या सुना रांजणाकडे फिरकत नव्हत्या. सोमलाची सून भुरीबाई आणि तिच्या सोबतच्या चौघी-पाचजणी लांब नाल्यात वाळू उकरून केलेल्या झिऱ्यावर पाणी प्यायला जायच्या. इंद्रभानला ते लागलं. "माह्या घरचं पाणी बाटलेलं हाय काय यायले?" तो स्वतःशीच पुटपुटायचा. त्यानं कोणाला विचारलं नाही. विचारलं आणि खरंच तसं निघालं तर, ही भीती. रांजणाचा अपमान झाला म्हणून मला मात्र उकळ्या फुटत होत्या. त्या रागात तो पाण्याची सुट्टी आखडत गेला; ती संपली म्हणून मला आधी पंधरा मिनिटांनी वाजवायचा, मग दहा, मग पाच. मी कानठळ्या बसेपर्यंत वाजायचे.

तांड्यावरच्या लोकांत कुरबुर सुरू झाली. ओवरसियर साहेबांनी बजावलं, "गँग मोडली तर मुकादमी दुसऱ्याला." इंद्रभान घाबरला आणि आणखीच चिडका झाला.

एका दुपारी भुरीबाई झिऱ्याच्या अर्ध्या वाटेवर होती, तेव्हाच मी वाजले. ती थांबली. एकदा नाल्याकडे पाहिलं आणि तहानलेलीच मागे फिरली. घटकाभरानं तिच्या हातातला हातोडा गळाला आणि ती खडीवर आडवी झाली.

इंद्रभान रांजणातून गिलास भरून धावला. सोमलाही मागोमाग आला. गिलास ओठांशी गेला तशी भुरीबाईनं, डोळे पुरते उघडत नव्हते तरी, घुंगट खाली ओढला आणि तोंड घट्ट मिटलं. इंद्रभानचा चेहरा उतरला. त्यानं गिलास खाली ठेवला. म्हटलं ना, मी जळकी. मला त्या क्षणीही बरं वाटलं.

तेवढ्यात तिची चुलतसासू गोमतीबाई ओरडली, "मुकादम, त्या बुढ्याले हटवा ना आंधी! सासरा समोर उभा हाय, तोंड कसं उघडंल थे?"

सोमला गर्रकन पाठ फिरवून चालू लागला. भुरीबाई त्याच रांजणाचं पाणी घटाघटा प्यायली. एक गिलास, दुसरा, तिसरा.

"म्हणून झिऱ्यावर जात होत्या?" इंद्रभाननं विचारलं.

"नाई तं काय! म्हाताऱ्याले नेमकं पाण्यापाशी बसवलं तुमी. सगळ्या पोरी त्याच्या सुनाच लागतात." गोमतीबाईनं माझ्याकडे बोट केलं. "शिट्टीले नसन समजत. तुमी तं माणूस हाय ना? एक डाव इचारलं काहून नाई?"

संध्याकाळी सगळ्यांनी हातोडे एका जागी आणून टाकले. उद्यापासून दुसऱ्या रस्त्याच्या कामावर जायचं त्यांनी ठरवलं होतं. इंद्रभाननं मला ओठांपाशी नेलं. वाजव, मी म्हटलं, दाखव यांना! पण त्यानं मला गळ्यातून काढलं आणि खिशात टाकलं.

"चुकलं माह्यं," तो म्हणाला. "मले वाटलं, माह्या घरचं पाणी म्हणून तुमी पेत नाई. तो राग मी तुमच्यावर काढला. इचारायची हिंमत झाली नाई."

मग भुरीबाई घुंगटाआडून गोमतीबाईच्या कानात काहीतरी कुजबुजली. गोमतीबाई मोठ्यानं म्हणाली, "थे म्हणते, पाणी गोड होतं."

दुसऱ्या दिवशी रांजणापाशी गोमतीबाई बसली आणि सोमला लिंबाखाली लेकरांचे झोके हलवायला गेला. इंद्रभान एकेकाजवळ जाऊन विचारत होता, काय हवं, काय नको. गँग टिकली, मुकादमीही टिकली. मला तो दिवसातून दोनदाच बाहेर काढायचा, सकाळी आणि संध्याकाळी. त्या रांजणाचा मला अजून हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू!

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणते, उद्या तुम्ही चार माणसांचे मुकादम व्हाल, तेव्हा मला खिशात ठेवा आणि आधी त्यांना विचारा. हे सांगताना माझा जीव जळतो. पण भुरीबाई मागे फिरली, ती माझ्याच आवाजानं.