नऊ रकाने

“काका, हे अक्षर तुमचंच ना?”

मुलीने झेरॉक्सचा कागद माझ्यासमोर धरला. नाही म्हणायची सोय नव्हती. आमच्या केंद्रात माझं अक्षर प्रसिद्ध होतं. साहेब नव्या माणसाला माझी नोंदवही दाखवायचे आणि म्हणायचे, “बघ, एक खाडाखोड नाही.”

बत्तीस वर्षं मी एकच काम केलं. आमचं यंत्र दर पंधरा मिनिटांनी आभाळात रेडिओलहर सोडायचं. फार वर, जिथे हवा नावालाच उरते, तिथल्या थरावर आपटून ती परत यायची आणि फिल्मवर एक वाकडी रेघ उमटायची. ती भिंगातून वाचायची आणि तासातासाचा आकडा रकान्यात लिहायचा. त्यावरून दूरच्या जहाजांना रेडिओ लागेल की नाही ते ठरायचं. मेव्हणा विचारायचा, “भावोजी, वर काय चाललंय?” मी म्हणायचो, “तुझे आजोबा मजेत आहेत, तुझी चौकशी करतात.”

ही मुलगी संशोधन करत होती. जुन्या आकड्यांत तिने तीन वर्षं डोळे फोडले होते.

“त्या दिवशी सूर्यावरून मोठं वादळ आलं होतं, काका. आसपासच्या पाचही केंद्रांचे आकडे सकाळीच धाडकन खाली आलेत. तुमच्याकडे मात्र नऊ ते पाच सगळं शांत, आणि सहाला एकदम कोसळतं. तुमच्याच डोक्यावरचं आभाळ इतका वेळ कसं टिकलं, यावर माझा अख्खा प्रबंध उभा आहे. पुढच्या महिन्यात द्यायचाय. म्हटलं, ज्यांनी लिहिलं त्यांना एकदा भेटावं.”

मी तारीख बघितलीही नाही. काय बघायची? गेली चाळीस वर्षं ती माझ्या मानगुटीवर बसलेली आहे.

तेवढ्यात ही चहा घेऊन आली. बायकोला तारखा पाठ असतात, आणि हिला जरा जास्तच. तिने कागदावर नजर टाकली नि हसली.

“अगं, हा तर आमचा तळ्यावरचा दिवस. लग्न ठरून आठवडा झाला होता. ह्यांना साहेबांनी सुट्टी दिली होती. दिवसभर नावेत बसून होतो, ह्यांना वल्हवता येईना.”

“सुट्टी?” मुलगी माझ्याकडे वळली. “मग आकडे दुसऱ्या कुणी वाचले असतील. तुम्ही नंतर नुसते उतरवलेत, असंच ना?”

किती आशेने विचारलं तिने. हो म्हटलं असतं तर तिचा प्रबंध वाचला असता, माझी अब्रू वाचली असती आणि हिच्या मनातली ती सुट्टीही. जिभेवर ‘हो’ आलंही होतं.

“नाही,” मी म्हणालो. “ते मी बनवलेत.”

मग सगळंच सांगितलं. नऊला फिल्म संपली होती. नवी रीळ चढवायला दहा मिनिटं लागतात. फाटकाबाहेर ही उभी होती, आणि म्हटलं, तासाभरात येऊन चढवू. आलो साडेपाचला. साहेब दौऱ्यावर होते. नोंद हुकली तर रकान्यात ‘सी’ लिहायचं, एवढा सोपा नियम. पण मग का हुकली ते सांगावं लागतं, आणि नोकरीला जेमतेम चार महिने झाले होते. मी आदल्या दोन दिवसांची सरासरी काढली, खरं वाटावं म्हणून थोडी वरखाली केली आणि नऊ रकाने भरले. मग रीळ चढवली. सहाची रेघ पाहिली, ती पार खाली होती. वर दिवसभर वादळ चालू होतं. तेव्हा खोडता आलं असतं. पण खाडाखोड दिसली असती ना.

ही स्टुलावर बसली. “मला तरी खरं सांगायचं होतंत,” एवढंच म्हणाली.

मुलीने कागदावरच्या त्या नऊ आकड्यांवरून बोट फिरवलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

“बाकीचे दिवस, काका?”

“बाकीचे सगळे खरे आहेत. शपथेवर सांगतो.”

“ते मला कसं कळणार?”

पुढे बत्तीस वर्षं मी रजा मागतानासुद्धा लाजलो, तापात येऊन रीळ बदलली. पण ते कुठल्या रकान्यात लिहिलेलं असतं?

तिने पेन पुढे केलं. मी एकेक आकडा आडवी रेघ मारून खोडला आणि वर ‘सी’ लिहिलं, नऊ वेळा. खाली सही केली. तेव्हाही अक्षर नीटच आलं. त्याचीही लाज वाटली.

“तुझा चहा निवतोय,” ही तिला म्हणाली.

“हो काकू,” ती म्हणाली. मग तिने पिशवीतून माझ्या नोंदींचा जाड गठ्ठा बाहेर काढला, मांडीवर घेतला आणि पहिल्या पानापासून पुन्हा तपासायला लागली.