बी जिन्यातला सुतार पक्षी

"पैज लावा, यातल्या एका शब्दावरही तुमचा विश्वास बसणार नाही," टाइस्टो हाकोला म्हणाला, आणि पोसोचा मोठा लचका तोडून मुद्दाम सावकाश चावत बसला. पोटात जॅम आणि अंगाला साखर असलेला हा तळलेला गोळा तोंडात असला की बोलता येत नाही, आणि गोष्ट सांगणाऱ्याला नेमकी अशीच सबब हवी असते.

"नाहीच बसणार," राइली म्हणाली. "मागच्या शनिवारच्या माशावर तरी कुठे बसला होता? पण ती गोष्ट ऐकली ना आम्ही? बोल आता."

कोत्का या बंदराच्या गावच्या बाजारात, कॉफीच्या तंबूखाली, मे महिन्याचं ऊन टेबलावर येऊन बसलं होतं. 'गंजके नांगर' संघाच्या पाचांपैकी तिघं जमले होते. हा संघ कॉम्प्युटरवर बंदुकांचा खेळ खेळत असे आणि खेळाडूंच्या वयाची बेरीज तीनशेच्या पुढे जात असे. राइली कप्तान होती, कारण तीस वर्षं शाळेची बस चालवल्यामुळे कोणालाही मागे न बघता गप्प करणं तिला जमत असे. तिसरा ओस्मो. घरसामान हलवणाऱ्या ट्रकचा मालक, संघात नवा. गुरुवारी ऐन सामन्यात त्याच्या कीबोर्डची स्पेसची पट्टी अडकली आणि त्याचा सैनिक बेडकासारखा जागच्या जागी उड्या मारत मेला. तेव्हापासून दुकानाचं पत्रक त्याच्या खिशातून हललं नव्हतं.

"छोटा हवा, म्हणजे माउस फिरवायला जागा राहते. बिनतारी हवा. दिवसा त्याच्यावर बिलं करायची, संध्याकाळी खेळायचं. इथवर समजलं," ओस्मो म्हणाला. "पुढे म्हणे बटणांखाली निळे स्विच, लाल स्विच, तपकिरी स्विच. मी कीबोर्ड घेतोय की घराला रंग देतोय?"

"अरे लेका, तो रंग डोळ्यांसाठी नसतो, कानांसाठी असतो," टाइस्टो म्हणाला. त्याने मिशीवरची साखर पुसली, खुर्ची पुढे ओढली आणि सुरुवात केली.

दोन वर्षांपूर्वीच्या शरद ऋतूत त्याचा जुना कीबोर्ड कॉफी पिऊन मेला. टाइस्टो बंदरातल्या एका कंपनीची जहाजांची कागदपत्रं घरी बसून करायचा: कंटेनरचे नंबर, वजनं, मालाची नावं. राहायचा इमारतीच्या बी जिन्याकडच्या घरांत, तिसऱ्या मजल्यावर, एकटा. नऊ वर्षांत त्या जिन्यात त्याच्याशी बोलले गेलेले सगळे शब्द एका मोज्यात मावले असते. "मोई" म्हणजे नमस्कार, परत "मोई", आणि एकदा लिफ्टसमोर, "बंद आहे." संध्याकाळी कानाला हेडफोन लावून तो गंजक्या नांगरांबरोबर खेळायचा, तेवढीच माणसांची वर्दळ. पाच आठवड्यांनी स्वीडनच्या निवृत्तांच्या संघाशी चषकाचा सामना होता आणि टाइस्टोकडे कीबोर्डच नव्हता.

विकत घेण्याआधी त्याने शहाणपणा केला. शिवणयंत्र, ड्रिल, स्की यांच्यासारखेच कीबोर्डही लायब्ररीत दोन आठवड्यांसाठी मिळायचे. तिथल्या विल्या नावाच्या बाईने कपाटातून एक चपटा डबा काढला.

"हा निळा. आकड्यांचा वेगळा चौकोन नाही, बाण आहेत, तार नाही. पण आधीच सांगते, आवाज करतो."

"बाई, मी जहाजांच्या भोंग्यांखाली वाढलोय."

"भोंगा थांबतो. हा तुम्ही थांबाल तेव्हाच थांबणार."

घरी येऊन त्याने पहिलं बटण दाबलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. टिक्! बोटाखाली काहीतरी ठाम तुटल्यासारखं, आणि लगेच परत उभं राहिलेलं. बंदराच्या जुन्या कचेरीतल्या टाइपरायटरनंतर त्याच्या बोटांना असं उत्तर कोणी दिलंच नव्हतं. त्याने एका ओळीच्या जागी तीन ओळी लिहिल्या, गरज नसताना. ताट, माउस, कोपर आणि कीबोर्ड असे चौघं पहिल्यांदाच त्या इवल्याशा टेबलावर गुण्यागोविंदाने नांदले. कामाला असा वेग आला की ब्रेमेनहून निघालेल्या जहाजाचा माल उतरल्याचा कागद जहाज वाटेत असतानाच तयार झाला आणि कप्तान घाबरून परत फिरला.

"परत फिरला?" ओस्मो म्हणाला.

"हॅम्बुर्गपर्यंत."

"बरं."

तिसऱ्या दिवशी तर बाल्कनीच्या कठड्यावर सुतार पक्षी येऊन बसला. खराखुरा, लाल टोपीवाला. टाइस्टोने टक् केलं की तोही टक्. चौथ्या दिवशी दोघांची शर्यत लागली. टाइस्टो मिनिटाला चारशे अक्षरांवर गेला तेव्हा पक्ष्याने हार मानली, कठड्याकडे एकदा दुःखाने बघितलं आणि तो उडून एस्टोनियाला गेला.

"कशावरून एस्टोनियाला?" राइलीने विचारलं.

"त्याने नंतर कार्ड पाठवलं."

राइलीने कॉफी ओतली. इतपत चालायचंच.

आणि मग सोमवारी सकाळी जिन्यातल्या फळ्यावर चिठ्ठी दिसली. सही नाही, नाव नाही, गोल वळणदार अक्षर: 'बी जिन्यात सुतार पक्षी कोणाकडे आहे?'

चोराच्या मनात चांदणं. टाइस्टोचे कान लाल झाले. जिन्यातली चिठ्ठी म्हणजे तक्रार, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मुलांच्या गाड्या वाटेत ठेवू नका, सौनातल्या वाफेच्या अंघोळीची वेळ पाळा, कचरा वेगळा करा. चिठ्ठीनंतर सोसायटीच्या अध्यक्षांचं पत्र येतं, पत्रानंतर बैठक. बैठकीत उभं राहून 'मी चौसष्ट वर्षांचा आहे आणि मी बंदुकांचा खेळ खेळतो' असं सांगण्यापेक्षा त्याने संघ सोडला असता. आवाज न करणारा कीबोर्ड मिळाला नाही तर चषक संपला, संध्याकाळ संपली, हेडफोनमधली चार माणसंही संपली.

तो धावतच लायब्ररीत गेला.

"आवाजच नको," त्याने विल्याला सांगितलं. "माझं मलासुद्धा ऐकू येता कामा नये."

"मग हा लाल घ्या. आत रबर आहे. पण तुम्हाला निळा आवडला होता ना? तुमचा चेहरा सांगतोय."

"चेहऱ्याला जिन्यात मत नसतं."

लाल इतका मुका होता की टाइस्टोने बुधवारी लिहिलेली अक्षरं शुक्रवारी उमटली. निदान त्याला तरी तसं वाटलं, कारण बटण दाबलं गेलं की नाही हे बोटाला कळायचंच नाही. केळ्यांच्या बावीस टनांचे दोन हजार दोनशे झाले आणि कोत्कातल्या प्रत्येक माणसाच्या वाट्याला एक गोणी केळी येणार असा हिशेब निघाला. त्यातून आकड्यांचा चौकोन नाही. वरच्या ओळीतले आकडे शोधताना त्याची मान सुतार पक्ष्यासारखी हलायची.

"आणि सरावात तू बाँब आपल्याच पायात टाकलास," राइली म्हणाली. "ते मात्र शंभर टक्के खरं. मी मेले होते त्यात."

सामन्याला बारा दिवस उरले आणि फळ्यावर दुसरी चिठ्ठी आली. तेच गोल अक्षर: 'सुतार पक्षी गेला का? बरा आहे ना?'

"टोमणा!" टाइस्टो जिन्यातच पुटपुटला. गप्प बसलो तरी टोमणा! त्या दिवशी तो मुक्या लालवर आणखी हळू टाइप करत बसला. इतक्यात हीटरच्या पाइपातून आवाज आला. ठक् ठक्. तो थांबला. परत ठक् ठक्. पाइप खालच्या मजल्यावरून येत होता.

आता मात्र त्याचं डोकं फिरलं. लायब्ररीतून सकाळीच आणलेला तपकिरी कीबोर्ड त्याने काखेत मारला. मधे दुसऱ्या कोणीतरी नेलेला निळा परत आला होता म्हणून, एका कार्डावर एकच हा लायब्ररीचा नियम मोडून, विल्याने तोही दिला होता; तोही घेतला, लालही घेतला, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा तो एक मजला खाली उतरून दुसऱ्याच्या दाराशी उभा राहिला. बी सात. पाटी: रुओहोला. त्याने बेल वाजवली.

दारात चौऱ्याऐंशी वर्षांची, चिमणीएवढी बाई. हातात चमचा.

"हे बघा," टाइस्टो म्हणाला, "यातला कुठला चालेल ते तुम्हीच सांगा. पण तक्रार तोंडावर करा."

"तक्रार?" बाई म्हणाल्या. "मी कसली तक्रार केली?"

"चिठ्ठी कोणाची?"

"माझीच. मी विचारलं होतं, कोणाकडे आहे म्हणून. कोणी उत्तरच दिलं नाही. मग आवाज बंद झाला. मला वाटलं, माणूस आजारी पडला की काय."

"मग वर येऊन बेल नाही का वाजवायची?"

"अशी कशी वाजवू? ओळख ना पाळख!" हिल्का रुओहोला अगदी मनापासून दचकल्या. "म्हणून तर पाइप ठोकला."

कागदाच्या गिरणीत त्यांनी अडतीस वर्षं टाइपिस्टचं काम केलं होतं. एका दालनात वीस मुली, वीस यंत्रं. "निवृत्त झाले आणि कान रिकामे झाले," त्या म्हणाल्या. "तुमचं सकाळी आठला सुरू झालं की मी कॉफी ठेवायचे. कामावर गेल्यासारखं वाटायचं. आणा ती खेळणी इकडे."

तिन्ही कीबोर्ड मेजपोसावर मांडले गेले. हिल्काबाईंनी डोळे मिटले आणि बोटं ठेवली. टाइस्टो श्वास रोखून बघत राहिला. त्या वाकड्या, गाठी आलेल्या बोटांनी जे सुरू केलं त्याला टाइपिंग म्हणणं म्हणजे समुद्राला ओल म्हणणं.

"लाल. छी! लापशीत बोटं घातल्यासारखं."

"तपकिरी?"

"हा नवऱ्यासारखा आहे. हो पण म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही." मग निळा. टिक् टिक् टिक् टिक्. त्यांचा चेहरा उजळत गेला, गालांवर रंग चढला. "हा! हा घ्या! याला स्वतःचं मत आहे."

"पण आकड्यांचा चौकोन नाही याला. मला दिवसाला हजार आकडे लागतात."

"आमच्या यंत्रांना कुठे चौकोन होता?" हिल्काबाईंनी टेबलावरचा रुमाल उचलून त्याच्या हातांवर टाकला. "वरची ओळ. न बघता. करंगळीला एक, अनामिकेला दोन. चला, मान सरळ!"

दहा दिवस रोज चार वाजता तो खाली जायचा, वेलदोडा घातलेल्या पावाचा एक तुकडा आणि पन्नास ओळी आकडे. चुकला की चमचा बोटावर. दहाव्या दिवशी तो डोळे मिटून पूर्ण जहाज लिहू शकत होता. त्याच दिवशी त्याने दुकानातून नवाकोरा निळा आणला, बिनतारी, वितभर आणि वर दोन बोटं लांब. पहिलं बटण हिल्काबाईंनी दाबलं.

आणि सामना! शनिवारी दुपारी दोन वाजता बारा-बारा अशी बरोबरी. एकच डाव उरलेला. राइली मेलेली, बाकी तिघं मेलेले, टाइस्टो एकटा, समोर दोन स्वीडिश आजोबा. त्याची टिकटिक अडखळली. तेवढ्यात पाइपातून, ठक्. ठक्. ठक्. संथ, एका लयीत, दालनातल्या मुलींना ताल देत असतील तशी. टाइस्टोची पाठ ताठ झाली. बोटं त्या तालावर चढली. डावीकडे तीन पावलं, थांब, वळ. एक आजोबा गेले! खाली वाक, ठक्, उडी, ठक्, दुसरे!

"मी हेडफोनमध्ये इतकी ओरडले की शेजारचं कुत्रं पळून गेलं," राइली टेबलावर मूठ आपटत म्हणाली. "तो डाव खरा आहे हं, ओस्मो. देवाशपथ. मी मेल्या मेल्या बघितलाय."

"मग पाइपाचा ताल?"

"ते मला कसं ऐकू येणार? पण याच्या बोटांत त्या दिवशी काहीतरी शिरलं होतं खरं."

ओस्मोने पत्रक उलगडून निळ्यावर पेनने जाड गोल काढला. त्याचे डोळे चमकत होते. "घेतला! आजच घेतो. आणि शेजाऱ्यांनी चिठ्ठी लावली तर?"

"तर थेट त्यांच्या दाराशी जाऊन बेल वाजवायची. नऊ वर्षं थांबायचं नाही." टाइस्टोने उरलेली कॉफी एका घोटात संपवली. गोष्ट रंगली होती, ऊन चढलं होतं, आणि तो थांबायला तयार नव्हता. "आणि विश्वास ठेवा अगर ठेवू नका, आजही तसंच चालू आहे. सकाळी आठला मी पहिलं बटण दाबतो, टिक्, आणि खालून हिल्काबाई दोनदा ठोकतात. आज सकाळीसुद्धा ठोकलं. ठक् ठक्."

ओस्मोने पेनचं टोपण लावलं. पत्रकाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"सुतार पक्षी चालेल," तो म्हणाला. "एस्टोनियाचं कार्डसुद्धा चालेल. पण हे खोटं आहे, टाइस्टो."

"ओस्मो, राहू दे," राइली हळूच म्हणाली.

"बी सात फेब्रुवारीत मीच रिकामं केलं. म्हातारी गेली म्हणून तुर्कूहून पुतण्या आला होता, त्याने सगळं काढायला सांगितलं. खुर्ची हीटरच्या पाइपाला अगदी खेटून होती. मला वाटलं, म्हातारीला थंडी वाजत असेल. पाइपावरचा पांढरा रंग एकाच जागी उडाला होता, चमच्याएवढा, आतलं लोखंड चकचकीत झालेलं. तीन महिने झाले. आज सकाळी कोण ठोकणार?"