अडकून राहिलेला बुडबुडा

माझ्या पुढच्या कडेवर, नळापासून वीतभर अंतरावर, मोहरीच्या दाण्याएवढे एक छिद्र आहे. बोट फिरवले तर जाणवते. नुसते पाहिले तर दिसत नाही. मित्रांनो, मी स्वयंपाकघरातला एक जुना काँक्रीटचा ओटा आहे. या छिद्राचे मला फार वाईट वाटायचे. कालपासून मात्र मुळीच वाटत नाही.

मला या घरच्या बाईने आणि तिच्या बाबांनी मागच्या खोलीत घडवले. लाकडी साच्यात मला पालथे ओतले होते. आजचा माझा गुळगुळीत माथा तेव्हा तळाला होता. हवेचे बुडबुडे निघून जावेत म्हणून बाबा साच्याच्या कडा रबरी हातोडीने एकसारख्या ठोकत होते. तेवढ्यात लेकीने विचारले, "बाबा, एकटे कशाला राहता? इकडेच या ना कायमचे."

हातोडी थांबली. "बघू," म्हणून बाबा दुसऱ्या कडेकडे वळले. तेवढा एक बुडबुडा माझ्यात अडकून राहिला.

काँक्रीट वाळून घट्ट होते असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. ते ओले ठेवले तरच आतून बळ धरते. बाबांनी मला ओल्या पोत्यांखाली निजवले, सकाळ-संध्याकाळ पाणी मारले. मला उलटे केले तेव्हा एकही तडा नव्हता. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि बाबा आपल्या भाड्याच्या घरी निघून गेले.

मी कामाला लागलो. माझ्यावर पीठ मळले गेले, पातेली आदळली. जावई म्हणायचा, "फूटपाथच घरात आणलाय. आता चपला घालूनच जेवू." पण पाहुणे आले की "घरी केलाय" हे तोच आधी सांगायचा. दर वर्षी बाबा मला मेण लावायला यायचे. लेक तेच विचारायची. बाबा "बघू" म्हणून पिशवी उचलायचे.

एका वर्षी ते आले नाहीत. न्हाणीघरात घसरून पडले होते, आणि दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. त्यानंतर लेक रोज फोन लावायची. पलीकडून आवाज येईपर्यंत तिची बोटे माझ्या कडेवर घट्ट आवळलेली असायची. मेणाची आठवण कुणाला राहिली नाही. लिंबाचे, चहाचे डाग पार आत उतरले. मला राग आला नाही. काळजी मलाही होतीच.

मित्रांनो, आम्हाला फार काही लागत नाही. सांडलेले लगेच पुसा, अधूनमधून मेण लावा. आणि जे दणकट दिसते, त्याचीही विचारपूस करत जा.

काल बाबा काठी टेकत आले. डाग पाहून लेकीवर रागावले, बाह्या सरसावून मेणाचा डबा मागितला. फडके फिरवता फिरवता त्यांचे बोट छिद्रापाशी थांबले.

"हे अजून आहे होय," ते पुटपुटले.

लेक नळाशी पाठमोरी उभी होती. या वेळी तिने काहीच विचारले नाही. बाबांनी फडक्याची घडी घातली.

"पोरी, त्या घराची किल्ली मालकाला देऊन टाकू. मी आता इथेच राहणार."